एका गाईला एक शब्द

पोस्टाच्या खिडकीशी उभा राहून मी पार्सलाची दोरी उगाच चाचपत होतो. गाठ मीच मारली होती, लाखेवर मोहोरही मीच उठवली होती, तरी बोट तिथून हलेना. माझ्यापुढे एकच माणूस होता. पोखर्णीचा मुंजाजी, हे मला कळलं, कारण खिडकीतले माणिकराव टपालबाबू त्याच्याकरता पत्र लिहून देत होते आणि पत्राला नावगाव लागतं. भाऊ औरंगाबादेला गिरणीत होता. त्याला घरची खुशाली कळवायची होती आणि खुशालीत पहिला मान म्हशीचा होता. "लिवा," मुंजाजी म्हणाला, "म्हैस पौषात फळली, पर उलटली. माघात पुन्हा फळली, पुन्हा उलटली. परवाच्या दिशी तिसऱ्यांदा फळलीय. आता बघायचं, गाभण ऱ्हाती का." माणिकरावांनी टाक दौतीत बुडवला आणि लिहिलं. मला हसू आलं. तीन महिन्यांत तीनदा गर्भ धरायचा आणि दोनदा टाकायचा, अशी म्हैस मिळाली तर मी जन्मभर दुसरं जनावर बघणार नाही. अडाणी माणूस, असं मी मनात म्हटलं आणि सहज माणिकरावांकडे बघितलं. माणिकराव अडाणी नव्हते. दोन भाषांत पत्रं लिहिणारा, रोज शंभर माणसांचं बोलणं ऐकणारा तो माणूस, त्यानं तिन्ही वाक्यं मान वर न करता लिहून टाकली. कुठं अडखळला नाही, काही विचारलं नाही. माझं हसू तोंडातच राहिलं. मुंजाजी पत्र घेऊन बाजूला झाला आणि माणिकरावांनी माझ्याकडे हात पुढे केला. "आणा साहेब. हैदराबादच ना?" मी पार्सल छातीशी धरलं. "काही आत घालायचं राहिलंय का?" त्यांनी विचारलं. "हो," मी म्हटलं, "राहिलंय."

बाहेर लिंबाखाली टांगेवाले बसले होते. फाल्गुनातलं ऊन अजून चढायचं होतं, तरी माझी मान ओली झाली होती. मी तिथंच एका दगडावर टेकलो. माझं नाव बन्सीधर, पण परभणीत त्या नावानं मला फारसं कुणी ओळखत नाही. फारमवाले साहेब म्हटलं की टांगेवाला न विचारता गावाबाहेरच्या सरकारी फार्मवर आणून सोडतो. तिथं मी जनावरांवर संशोधन करतो. गाय माजावर कधी येते, वळू तिच्याजवळ कसा जातो, किती वेळ थांबतो, गाभ कधी राहतो आणि कधी राहत नाही, हे सगळं लिहून काढणं हे माझं काम. लोकांना हे काम ऐकून गंमत वाटते. माझ्या मेहुण्यानं लग्नानंतर वर्षभर आपल्या मित्रांना माझा हुद्दा सांगितला नव्हता. पण त्या पार्सलात माझ्या सहा वर्षांच्या कामाचा प्रबंध होता, टाइप केलेली चौऱ्याऐंशी पानं. लढाई संपली होती, बोटी पुन्हा सुरू झाल्या होत्या आणि सरकारनं निजामी फसली सन तेराशे पंचावन्नसाठी जनावरांच्या पैदाशीच्या शिक्षणाकरता विलायतेचा एक वजीफा, म्हणजे शिष्यवृत्ती, जाहीर केला होता. एकच. वयाची अट चाळीस. मी अडतीस वर्षांचा होतो आणि पुढचा वजीफा निघेपर्यंत मी म्हातारा झालेलो असणार होतो. प्रबंध शनिवारच्या आत हैदराबादला पोचायला हवा होता, म्हणजे आज संध्याकाळच्या टपालगाडीत चढायला हवा होता. कमलबाई, माझी बायको, दवाखान्यातल्या नर्सकडून लोकरीचं विणकाम शिकली होती. परभणीच्या उन्हात ती ओसरीवर बसून माझ्यासाठी स्वेटर विणायची आणि येणाऱ्याजाणाऱ्या बाईनं विचारलं की फक्त हसायची. एक बाही तेवढी राहिली होती.

फळली. मी तो शब्द जिभेवर घोळवून बघितला. या शब्दाशी माझी ओळख आईच्या मांडीवर झाली होती. पोखर्णीच्या नृसिंहाला तिनं नवस केला होता, आणि नवस फळला म्हणून मी झालो. असं ती माझ्या देखत, कुणी विचारो न विचारो, सगळ्यांना सांगायची. फळला म्हणजे झालं, पदरात पडलं, आता त्यात शंका नाही. वडील हैदराबादला महसुलाच्या कचेरीत कारकून होते, मी सहा वर्षांचा असताना आम्ही तिकडे गेलो. तिथं गल्लीत म्हैस म्हणजे सकाळी दाराशी येऊन दूध देऊन जाणारं काहीतरी. शाळा उर्दूची, पुढं कॉलेजही उर्दूचं, जीवशास्त्रसुद्धा मी उजवीकडून डावीकडे शिकलो. घरात मराठी होती, पण ती देवाची, जेवणाची आणि रागावण्याची मराठी. गोठ्याची मराठी आमच्या घरात कधी आलीच नाही. तिशी उलटल्यावर मी परभणीला परत आलो तेव्हा लोकांचं बोलणं मला कळायचं, आणि कळतंय याचा मला फार अभिमान होता. फार्मवर आलेले हैदराबादी साहेब शेतकऱ्याशी बोलताना दुभाषा घ्यायचे. मी घेत नव्हतो. दुभाषा घेतला असता तर बरं झालं असतं, कारण दुभाष्याला निदान शंका आली असती.

माझा एक नियम होता आणि तो मी प्रबंधाच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहिला होता. गावातल्या जनावराला हात लावायचा नाही. बघायचं, वेळ मोजायची, लिहायचं, पण मध्ये पडायचं नाही. फार्मवर गाय खोड्यात, म्हणजे लाकडी चौकटीत, बांधून वळू आणतात, दोन मिनिटांत काम उरकतं. तिथं मी तिसऱ्या महिन्यात हात घालून गाभ तपासायचो, तो आकडा पक्का. पण गावात वळू मोकळा असतो. तो गाईच्या मागं दिवसभर हिंडतो, तिला चाटतो, हुंगतो, मान तिच्या पाठीवर ठेवून उभा राहतो, आणि मग मान वर करून वरचा ओठ असा मुडपतो की खेड्यातली माणसं म्हणतात, वळू हसला. मी बाभळीखाली घड्याळ घेऊन बसायचो आणि त्या हसण्याची वेळ लिहायचो. मला ते फार आवडायचं, हे मी कुठल्याच पानावर लिहिलेलं नाही. ऊन, शेणाचा वास, पाखरांची कलकल, आणि दोन मोठी जनावरं कुणाची घाई नसल्यासारखी एकमेकांभोवती फिरताहेत. मला वाटायचं, या वेळ देण्यातच काहीतरी आहे. प्रबंधाचा सारा डोलारा त्यावर उभा होता, की जिथं वळूला वेळ मिळतो तिथं गाभ जास्त राहतो. आणि आकडे तसेच होते. गावातल्या जवळजवळ सगळ्या गाई फळत होत्या.

ते आकडे उमाजी आणायचा. उमाजी पेडगावचा, मेंढरांच्या घरातला, फार्मवर जनावरं राखायला होता. त्याला दर तीन महिन्यांनी मी गावांची फेरी करायला पाठवायचो. परत आला की तो माझ्या टेबलासमोर उकिडवा बसायचा, मी उर्दूतली वही उघडायचो आणि एकेका गाईचं नाव घ्यायचो. सुरुवातीला तो प्रत्येक गाईची कथा सांगायला बसायचा. तिचं असं झालं सायेब, की पंचमीला ती बांधावर व्हती... मी त्याला थांबवायचो. शास्त्राला कथा चालत नाही. वहीत रकाना बोटभर रुंद होता. "उमाजी, एका गाईला एक शब्द. फळली का उलटली?" दोन फेऱ्यांत तो शिकला. मी नाव घ्यायचो, तो एक शब्द द्यायचा, आणि मी लिहायचो. फळली म्हटलं की हामिला, म्हणजे गाभण. उलटली म्हटलं की इस्कात, म्हणजे गर्भ पडला. उलटली याचा दुसरा काय अर्थ असणार? गर्भ उलटला, पडला. मला कधी विचारावंसंही वाटलं नाही. त्या लिंबाखाली बसून मी बोटांवर महिने मोजत होतो. पौष, माघ, फाल्गुन. तीन महिन्यांत तीनदा. आणि मला दिसत होतं की माझ्या वहीतल्या साडेतीनशे गाईंपैकी किती गाभण राहिल्या हे मला ठाऊक नाही, कधीच ठाऊक नव्हतं. त्या पार्सलात सहा वर्षं नव्हती, दोन शब्द होते, तेही चुकलेले.

हे एवढंच असतं तर मी कदाचित त्या दगडावरून उठून खिडकीकडे गेलो असतो. खरं सांगतो. हैदराबादच्या समितीतल्या कुणाला उलटली या शब्दाशी काय घेणं होतं? विलायतेला पोचल्यावर मी नवी वही घातली असती, मग या चुकीचं तोंड कुणाला दिसणार होतं? मी अर्धा उठलोही. पण प्रबंधाच्या एकावन्नाव्या पानावर पेडगाव होतं, आणि पेडगाव म्हटल्यावर भिवराबाई आली. चार वर्षांपूर्वी पेडगावच्या तेवीस गाई माझ्या वहीत गाभण होत्या आणि त्यातल्या नऊंचा गर्भ पडल्याची नोंद होती. एका गावात एवढ्या गाई टाकतात म्हणजे सांसर्गिक रोग, पुस्तकात तसं स्पष्ट दिलेलं आहे. रोग कुठून आला हे शोधताना ओळ मागं मागं नेली, तर पहिली 'उलटली' भिवराबाईच्या गाईची होती. कपाळावर चांद होता म्हणून तिचं नाव चांदी, लाल कंधारी, अंगानं बारीक पण डोळे शांत. बाई विधवा, पंधरावीस मेंढ्या, कोरडवाहू तुकडा, आणि ही एक गाय. मी गावात जाऊन सांगितलं की गाय गावाबाहेर गेली पाहिजे. भिवराबाई गाईच्या मानेवर हात ठेवून उभी होती. "न्हाई सायेब," ती म्हणाली, "तिनं गाभ टाकला न्हाई. ती गाभणच नव्हती. नुसती फळली व्हती, मंग उलटली." मला तेव्हा फार वाईट वाटलं, पण ते तिच्या खोटेपणाचं. एकाच दमात बाई म्हणते गाभण नव्हती, आणि फळली होती, आणि उलटली. तीन वाक्यांत तीन बाजूंना पळते. जनावर वाचवायला माणूस काहीही बोलतो, असं समजून मी तिच्याशी गोड आवाजात बोललो, आणि त्या गोड आवाजाची मला आज जास्त लाज वाटते. घरी येऊन मी वहीच्या शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, मालकिणीचं बयान एतबारलायक नाही. त्या दिवशी ते वाक्य मला फार नेटकं वाटलं होतं. त्याच आठवड्यात चांदी गावाबाहेर गेली.

फार्मच्या फाटकाशी उमाजी छकड्याला बैल जुंपत होता, कडबा आणायला. मी माझ्या खोलीत जाऊन पेडगावची वही घेतली आणि पार्सलासकट छकड्यात चढलो. "पेडगावला चल," मी म्हटलं. त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि बैल हाकले. पेडगावची वाट तशी दोन-तीन तासांची. दोन्हीकडे ज्वारी निघालेली रानं, धसकटं, कडब्याच्या पेंढ्या. शेवटी मी विचारलं, "उमाजी, फळली म्हणजे काय रे?" तो मान न वळवता हसला. त्याला वाटलं मी त्याची फिरकी घेतोय. "ते तुमाला म्या काय सांगावं सायेब? तुमीच दिसभर घड्याळ घिऊन बघत बसतासा." "तरी सांग." मग त्याचा आवाज जरा खाली आला. "वळू चढला म्हंजे फळली." "आणि उलटली?" "उलटली म्हंजे गाभ न्हाई राहिला. इसेक दिसानं पुन्हा माजावर आली." "आणि गर्भ पडला तर?" "तर गाभडली म्हणत्यात. ते येगळं. ते लय वंगाळ." हे सगळं त्यानं असं सांगितलं जसं आपण लहान मुलाला उजवा हात कुठला ते सांगतो. मी पार्सल मांडीवरून खाली ठेवलं. "मग सहा वर्षांत मला सांगितलं का नाहीस?" उमाजीनं आता मान वळवली. त्याच्या तोंडावर राग नव्हता, नुसती अडचण होती. "तुमी एकच शब्द मागत व्हते," तो म्हणाला.

मी छकड्याच्या दांड्याला धरून बसलो होतो आणि मला माझ्या प्राध्यापकांचं पहिलं व्याख्यान आठवत होतं. ते म्हणाले होते, जनावर बोलत नाही, म्हणून आपण फार बारीक बघायचं असतं. मी बारीक बघितलं. वळूच्या ओठाची मुडप सेकंदात मोजली. जनावर बोलत नाही याचं मला इतकं भान होतं, की जी माणसं बोलत होती त्यांच्याकडे माझं लक्षच गेलं नाही. भिवराबाई तीन वाक्यांत मला सगळा प्रबंध सांगत होती आणि मी तिच्या तोंडाकडे खोटं बोलणाऱ्या माणसाचं तोंड म्हणून बघत होतो. कमलबाईला हे कसं सांगायचं? ती रागावणार नाही, तेच अवघड. ती म्हणेल, राहू द्या, स्वेटर इथंही थंडीत होईल, आणि राहिलेली बाही विणायला घेईल. मला एकदम त्या लोकरीचा वास आला.

भिवराबाई गावाच्या कडेला मेंढवाड्यात होती, काट्यांच्या कुंपणात. एका कोकराच्या पायातला काटा काढत होती. चार वर्षांत तिचे केस पांढरे झाले होते. मला ओळखून ती उठली नाही, कोकराचा पाय हातातून सोडला नाही. "बसा," म्हणाली, "आता काय न्हेयाचं राहिलंय?" मी जमिनीवर बसलो. चांदीची चौकशी केली. "हाय की. देवगाव फाट्याकडं दिली. तीन येतं झाली तिची तिथं. दोन गोऱ्हे, एक कालवड." तीन वेतं. माझी रोगी गाय. "म्या गेले व्हते एकडाव बघाया," ती म्हणाली, "तिनं वळकलं. आधी हुंगलं, मंग हात चाटला, मंग उगंच हुबी राहिली." माझा हात खिशातल्या पेन्सिलीकडे गेला. सवय. किती वर्षांनी, आधी वास की आधी आवाज, हे प्रश्न माझ्या ओठांवर आले होते. मी हात काढून घेतला. मी तिला सांगितलं. पोस्टातला मुंजाजी, दोन शब्द, उमाजी, सगळं. मला वाटलं होतं ती रडेल किंवा बोलेल. तिनं काटा काढला, तो बाजूला टाकला, कोकरू सोडून दिलं. मग म्हणाली, "त्या वहीत चांदी कुठं हाय?" मी वही उघडून ओळीवर बोट ठेवलं. तिनं वाकून त्या उर्दू अक्षरांकडे बराच वेळ बघितलं. "एवढीशीच? आन हे फुडं लांबलचक काय लिवलंय?"

तिथं कुणालाही उर्दू वाचता येत नव्हतं. उमाजीला येत नव्हतं, तिला येत नव्हतं. गाईचा रंग, वय, काहीही सांगून मी सुटू शकलो असतो. "त्यात लिहिलंय," मी म्हटलं, "मालकिणीच्या बोलण्यावर भरवसा ठेवता येत नाही." उमाजी कुंपणाबाहेर बैलांकडे गेला. मेंढ्या एकमेकींना घासत हलत होत्या, आणि मला कळत होतं की इतकी वर्षं मी वेळ मोजत आलो पण वेळ म्हणजे काय हे मला आता कळतंय. "म्या गाय गेल्याचं येवडं न्हाई धरलं," ती शेवटी म्हणाली. "गाय जात्यातच. पर तुमी गेल्यावर आबासायबांनी माझी मेंढरं पाणवठ्यावर येऊ दिली न्हाईत. त्या बाईच्या गोठ्यात रोग हाय म्हणले. चार साल झाले, म्या मेंढरांना वरल्या वढ्याला न्हेते. दीड कोस. उन्हाळ्यात तिथं चिखलच असतोय. कोकरं मेली." किती मेली ते तिनं सांगितलं नाही आणि मला विचारायचा हक्क नव्हता. हे माझ्या वहीत कुठंच नव्हतं. मी गावातल्या जनावराला हात लावत नव्हतो.

"खोडतो ते," मी म्हटलं. "दुसरं लिहितो. तुम्ही सांगा, काय लिहू?" ती विचार करत राहिली. मग म्हणाली, "लिवा, फळली व्हती, उलटली. गाभडली न्हाई." मी लिहिलं. मराठीत लिहिलं, डावीकडून, आणि ते रकान्याच्या मध्यावर उर्दूच्या ओळीला जाऊन टेकलं. "आन लिवा," ती म्हणाली, "मालकिणीनं सांगितलं व्हतं. सायबाला कळलं न्हाई." ते लिहायला जागा नव्हती, मी समासात लिहिलं. "आता हे मला वाचून काय दावायलाव?" ती उठत म्हणाली. "पाणवठ्यावर चला. तिथं वाचा."

ऊन कलल्यावर सगळ्या गावची जनावरं पाणवठ्यावर येतात. आबासाहेब, गावचे पाटील, हौदाच्या कट्ट्यावर बसले होते. मी त्यांच्यासमोर उभा राहून आधी उर्दूची ओळ वाचली, तिचा अर्थ सांगितला, मग शेजारची मराठी वाचली, समासातलीसुद्धा. सायबाला कळलं नाही हे मी दोनदा वाचलं, कारण मागच्यांना ऐकू गेलं नव्हतं. कुणीतरी हसलं आणि गप्प झालं. आबासाहेबांनी पागोटं सारखं केलं. "म्हंजे रोग नव्हताच?" "नव्हता." "मंग चार साल ही बाई..." ते हौदातल्या पाण्याकडे बघत राहिले. त्यांनाही वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. मग मोठ्यानं म्हणाले, "भिवराबाई, आणा तुमची मेंढरं खाली."

ती गेली, आणि थोड्या वेळानं तिचा कळप वाटेवर दिसला. जिथं वाट फुटते तिथं एक फांदी खाली पाणवठ्याला येते आणि दुसरी वर ओढ्याकडे जाते. भिवराबाईनं खालून हाक घातली. पुढच्या मेंढीनं हाक ऐकली, मान हलवली, आणि वरच्या वाटेला लागली. तिच्या मागून दुसरी, मग सगळ्या. भिवराबाईनं पुन्हा हाक घातली, काठी आडवी केली, पण मेंढ्या तिच्या काठीला वळसा घालून वरच गेल्या, रोज जातात तशा. एक म्हातारी मेंढी तेवढी फाट्यावर थांबली, तिचा एक कान फाटलेला होता. तिनं नाक वर केलं. तिला पाण्याचा वास आला असणार. ती खूप वेळ थांबली, आणि माझ्या लक्षात आलं की माझ्या हातात घड्याळ आहे. मग तीही वर गेली.

भिवराबाई दम खात माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "निम्मी तर बंदीच्या मागनं जल्मलीत," ती म्हणाली. "त्यांना ही वाट ठावंच न्हाई. येतील. टैम लागंल." "किती?" मी विचारलं. "ते म्या कसं सांगू? तुमी येत जा की, बसा घड्याळ घिऊन." ती मला टोमणा मारत होती की खरंच सांगत होती, ते मला कळलं नाही, आणि या वेळी मी ठरवूनही टाकलं नाही. उमाजीनं बैल वळवले होते. "सायेब, निघावं लागंल. टपालाची गाडी गाठायची हाय न्हवं?" त्याच्या पायाशी पार्सल होतं, लाखेची मोहोर तशीच. "नाही," मी म्हटलं, "ते जायचं नाही." हे म्हटल्यावर मला वाटलं होतं तितकं काही झालं नाही, फक्त पाय दुखायला लागले आणि मी कट्ट्यावर आबासाहेबांशेजारी बसलो. वहीचं कोरं पान काढलं. लिहिलं, भिवराबाईच्या मेंढ्या. खालचा पाणवठा. आल्या नाहीत. एक म्हातारी फाट्यावर थांबली. भिवराबाईनं विचारलं काय लिहिलं, म्हणून मी तिला वाचून दाखवलं. "नुसती थांबली न्हाई," ती म्हणाली, "तिनं खाली बघितलं. तेबी लिवा." मी तेही लिहिलं.